चौकटीवरून घराची परीक्षा

कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या ब्राह्मी लेखांत एका दाराच्या संदर्भात दोघांची नावे येतात. एक सिंहदत्त, धेनुकाकटचा गंधी, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. दाराचा खर्च त्याने उचलला. दुसरा सामी, वेणुवासाचा मुलगा. हा सुतार, दार त्याने केले. देणगीदारांची नावे सह्याद्रीतल्या लेण्यांत पैशाला पासरी सापडतात, पण हातात पटाशी धरणाऱ्याचे नाव सापडणे विरळा. दगडात कोरलेल्या दाराचे श्रेय सुताराला मिळावे, यात तसे नवल नाही. कार्ल्याचे लेणे ही मुळात लाकडी इमारतीची दगडी नक्कल आहे, आणि त्याच्या कमानदार छताला बसवलेल्या लाकडी फासळ्या दोन हजार वर्षांनंतरही बऱ्याच अंशी जागेवर आहेत. सामीने आपल्या कामाखाली नाव घातले. पुढच्या दोन हजार वर्षांत महाराष्ट्रात लाखो दारे बसली. त्यांपैकी किती सुतारांना ते जमले, हा प्रश्न वेगळा.

घराच्या कामाची पारख करायला दाराची चौकटच का पाहावी, याला कारण आहे. भिंत बोटभर वाकडी असली तरी गिलावा ती झाकतो. फरशीचा उतार गालिच्याखाली जातो. स्लॅबमधली पोकळी तर वर्षानुवर्षे कुणाला दिसतही नाही. दाराला मात्र रोज हलायचे असते, आणि हलणाऱ्या वस्तूला सोंग फार काळ टिकवता येत नाही. चौकट ओळंब्यात नसेल तर दार आपोआप उघडते किंवा आपोआप मिटते. काटकोनात नसेल तर वरच्या कोपऱ्यात घासते. लाकूड ओले असेल तर पहिल्याच आषाढात अडते. गवंड्याची चूक, सुताराची चूक आणि मालाची खोट या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी येऊन बोलतात. शितावरून भाताची परीक्षा करायची तर बांधकामातले शीत हेच.

पेशवाईतल्या वाड्यात चौकट ही भिंतीत मागाहून बसवायची वस्तू नव्हती. दगडी जोते, त्यावर खांब आणि तुळयांचा लाकडी सांगाडा, सांगाड्यातल्या पोकळीत विटा किंवा माती, अशी ती बांधणी. चौकट आधी उभी राही आणि भिंत तिच्या दोन्ही अंगांनी चढे. वरच्या आडव्या लाकडाची, म्हणजे गणेशपट्टीची, टोके दोन्हीकडे उभ्या लाकडांच्या बाहेर काढलेली असत. तीच गोष्ट खाली उंबरठ्याची. ही टोके भिंतीच्या पोटात गेली की चौकट जागची हलायची सोय उरत नसे. सांधा खिळ्यावर नव्हे तर खाचेवर: एका लाकडात आरपार खाच, दुसऱ्याचे तासून बारीक केलेले टोक तीत घट्ट, आणि वरून ठोकलेली लाकडी खुंटी. कवाडांना बिजागऱ्या असतच असे नाही. कवाडाच्याच कडेच्या लाकडाला वर-खाली गोल टोके काढून ती गणेशपट्टीच्या आणि उंबरठ्याच्या भोकांत बसवत. असे दार तीनशे वर्षे फिरते, फक्त कुरकुरते.

शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. आज लोक तिथे जाऊन दिल्ली दरवाजाचे अणकुचीदार खिळे पाहतात, हत्तींच्या कथा ऐकतात आणि परततात. पण तो किल्ल्याचा दरवाजा. घराच्या आतली दारे कशी होती हे तिथे कळत नाही, कारण १८२८ च्या आगीत आतला सगळा लाकूडकामाचा संसार जळून गेला. आतल्या दारांचा नमुना पाहायचा तर दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा गाठावा, किंवा बाजीराव रस्त्यालगतचे राजा दिनकर केळकर संग्रहालय. केळकरांनी पडत्या वाड्यांमधून कोरीव दारे आणि खिडक्या उचलून आणल्या नसत्या तर त्यांपैकी बहुतेक बंबात गेली असती. तिथल्या चौकटी जवळून पाहिल्या की एक गोष्ट ध्यानात येते. कोरीवकाम समोरच्या बाजूला असते, पण सांध्याची सफाई मागच्या बाजूलाही तितकीच असते.

सुताराच्या कामाची हमी तेव्हा कागदावर नव्हती. बारा बलुतेदारांत सुतार थोरल्या कासेतला, म्हणजे बलुत्याचा मोठा वाटा मिळणाऱ्यांतला. नांगर, कुळव, पाभर दुरुस्त ठेवायचे आणि सुगीला खळ्यावर धान्य घ्यायचे, हा त्याचा आणि कुणब्याचा व्यवहार. घरबांधणीचे काम यात धरत नसत, त्याची मजुरी निराळी. तरीही दार नीट बसवले नाही तर तोच सुतार, तोच मालक आणि तेच खळे पुढच्या वर्षी समोरासमोर येणार होते. हे चित्र फार गोड करून घेण्याचे कारण नाही. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला, त्यात बलुतेदारीचे गोडवे नाहीत. कुणब्याला कारूंच्या, म्हणजे बलुतेदार कारागिरांच्या, दारी घालाव्या लागणाऱ्या खेपा त्यांनी मोकळेपणाने मांडल्या आहेत. ओळखीचा माणूस चांगले काम करतोच असे नाही. फक्त तो पळून जाऊ शकत नाही.

मुख्य दाराची चौकट उभी करताना पूजा करायची चाल आजही आहे. हळदकुंकू, आंब्याचे डहाळे, नारळ, आणि सुताराला टोपी-उपरणे किंवा कपड्याचा मान. धार्मिक भाग बाजूला ठेवला तरी या दिवसाला व्यावहारिक किंमत होती. चौकट तेव्हा नागडी असते. रंग नाही, गिलावा नाही, शेजारी भिंत नाही. लाकडाची गाठ, भेग, वाळवीचे छिद्र, सांध्यातली फट सगळे उघड्यावर. घरचे वडीलधारे, भावकी आणि शेजारचे चार जाणते तिच्याभोवती जमत. तपासणीसाठी याहून चांगला मुहूर्त कुठला इंजिनिअरही काढू शकणार नाही.

इंग्रजी अमलात सार्वजनिक बांधकाम खाते आले आणि पारखीचे काम मालकाच्या डोळ्यांतून कारकुनाच्या वहीत गेले. १८५४ साली पुण्यात या खात्याला हाताखालची माणसे पुरवण्यासाठी इंजिनिअरिंगचा वर्ग सुरू झाला. पुढे त्याचेच इंजिनिअरिंग कॉलेज झाले. काम कंत्राटदाराने करायचे, ओव्हरसियरने मोजायचे, मोजमाप वहीत चढवायचे आणि वहीवरून बिल निघायचे. चौकटीचे लाकूड कोणते, जाडी किती, रंगाचे हात किती, हे आता आधी लिहिले जाऊ लागले. ही मोठी सुधारणा होती. तिच्याबरोबर नवा रोगही आला: मोजणाऱ्याचा हात ओला केला की पातळ लाकूड वहीत जाड होते. जोतीराव फुले स्वतः सरकारी कामांचे कंत्राटदार होते. हा कारभार त्यांनी आतून पाहिलेला होता, आणि १८७३ च्या ‘गुलामगिरी’ला जोडलेल्या पवाड्यात इंजिनिअर खात्यातल्या लबाडीवर त्यांनी कोरडे ओढले. समाजक्रांतिकारक म्हणून फुल्यांविषयी बोलताना त्यांचा हा धंदा अनेकदा तोंडी लावण्यापुरता येतो. त्यांच्या रागाला बांधकामाच्या जागेवरच्या धुळीचाही वास आहे.

मुंबई वाढू लागली तशी जवळच्या जंगलांतली लाकडे पुरेनात. डांगातला वलसाडी साग होता, मध्य प्रांतातून येणारा होता (वखारीत त्याला आजही ‘सीपी’ म्हणतात), पण सरळ, लांब, गाठ नसलेल्या चौकटीसाठी मान होता ब्रह्मदेशच्या सागाला. १८६३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनने तिथल्या जंगलांचे ठेके घेतले. तोडलेले ओंडके कमी दाखवून राजाचे उत्पन्न बुडवले, असा आरोप ठेवून १८८५ साली मंडालेच्या दरबाराने कंपनीला सुमारे २३ लाख रुपयांचा दंड ठोकला. इंग्रजांना निमित्त हवेच होते. नोव्हेंबरात युद्ध झाले, महिना संपायच्या आत मंडाले पडले आणि ब्रह्मदेशच्या थिबा राजाला कुटुंबासह १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवले. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० साली तयार झाला आणि १९१६ मध्ये तो तिथेच वारला. थिबा पॅलेस पाहायला जाणाऱ्या पर्यटकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते की हा माणूस कोकणात आला त्याच्या मुळाशी सागाच्या ओंडक्यांची मोजणी होती.

जुन्या मुंबईत बर्मा सागाची चौकट म्हणजे घराची पत होती. चाळींना ती परवडत नसे, पण चाळींनी दुसरी गोष्ट रुजवली: एकसारखेपणा. १९२० साली निघालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडीला २०७ इमारती उठवल्या. एकाच नकाशाच्या सोळा हजारांवर खोल्या. जिथे दार एका घरासाठी नव्हे तर हजारांच्या हिशेबाने बनते, तिथे ते कुणासाठी बनते आहे हे सुताराला माहीत नसते आणि ते कुणी बनवले हे राहणाऱ्याला.

मालकी हक्काचा फ्लॅट ही याच्या पुढची पायरी. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, भाड्याने देण्यासाठी घर बांधण्यात कुणाला राम वाटेना, आणि बांधून विकणारा बिल्डर पुढे आला. पुण्यात १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, नदीकाठच्या पेठांतले मातीच्या भिंतींचे वाडे विरघळले आणि तिथेही सिमेंट-काँक्रीटच्या इमारतींचा काळ आला. पैसे आधी, घर नंतर, हा व्यवहार इतका फसवणुकीचा ठरू लागला की १९६३ मध्ये महाराष्ट्राला खास कायदा करावा लागला, तोच ‘मोफा’. ताबा दिल्यापासून ठरावीक मुदतीत दोष दाखवला तर बिल्डरने तो शक्य तिथे विनामूल्य दुरुस्त करावा, अशी तरतूद त्यात आली. ही मुदत आज त्या कायद्यात तीन वर्षांची आहे. बलुत्यातल्या सुताराला जे खळे बांधून ठेवत होते, त्या जागी आता कलम आले.

याच काळात चौकट अंगाने रोडावली. नऊ इंची भिंतीच्या जागी खोल्यांमधली भिंत साडेचार इंचांवर आली. मुख्य दाराला पाच बाय तीन इंचांचे लाकूड, आतल्या दारांना चार बाय अडीच. सागाऐवजी मलेशियन साल आणि तत्सम लाकडे आली, सागवानी तावदानांच्या कवाडाऐवजी फ्लश डोअर आले, आणि न्हाणीघरात लाकूड कुजते म्हणून तिथे कडप्पा, पुढे ग्रॅनाइटची चौकट आली. आतल्या खोल्यांचा उंबरठा गेला. झाडूला, चाकाच्या खुर्चीला आणि रात्री पाण्याला उठणाऱ्या म्हाताऱ्यांच्या बोटांना त्याने बरे झाले. पण चौकटीचे खालचे तोंड उघडे पडले, आणि कामाची निम्मी भानगड तिथूनच सुरू झाली.

ती कशी, हे जवळून पाहण्यासारखे आहे. तीन बाजूंची चौकट जागेवर येते तेव्हा तिचे दोन्ही पाय खाली मोकळे असतात. शहाणा सुतार पायांच्या तळाशी एक आडवी पट्टी ठोकतो. तिची लांबी वरच्या आतल्या मापाएवढीच, केसभर कमी नाही की जास्त नाही. मग पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही बाजूंची उंची मिळवतो, ओळंबा आधी समोरून आणि मग कडेने सोडतो, आणि फितीने दोन्ही कर्ण मोजतो. कर्ण सारखे आले की काटकोन साधला. एवढ्यावर पुष्कळ जण थांबतात. मुरलेला माणूस आणखी एक करतो: समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोन दोऱ्या ताणून फुली करतो. दोऱ्या मधोमध एकमेकींना जेमतेम टेकल्या तर चौकट सपाट. एक दोरी दुसरीला रेटत असेल किंवा दोघींत फट असेल तर चौकटीला पीळ आहे, आणि पिळाचे दार कितीही रंधा मारा, एका कोपऱ्यात पुढे आलेले राहतेच. भिंतीला टेकणाऱ्या बाजूला डांबराचा हात, प्रत्येक पायाला भिंतीत गाडायच्या तीन लोखंडी पट्ट्या, म्हणजे होल्डफास्ट, ते गाडलेल्या जागी काँक्रीट. मग गवंडी येतो.

आणि पट्टी काढून टाकतो. घमेले आत-बाहेर करताना ती पायात येते म्हणून. दोन्ही बाजूंनी विटा आणि मसाल्याचा दाब आला की मोकळे पाय आत झुकतात, दोन-तीन सूत. तेव्हा कुणाला दिसत नाही. महिन्याभराने सुतार शटर टांगायला येतो, ते खाली घासते, तो चौकट सोडून शटरच तासतो. वरच्या बाजूला मग बोटभर फट उरते. ती दिसू नये म्हणून पट्टी, पट्टीची फट दिसू नये म्हणून लांबी (पुट्टी), लांबी दिसू नये म्हणून रंग. घराचा ताबा घेणारा माणूस चकचकीत दारावरून हात फिरवतो आणि खूश होतो.

ज्यांना पाहायचे ते कुठे पाहतात? दार अर्धे उघडून सोडतात. ते जिथल्या तिथे थांबले पाहिजे. मिटून चारी बाजूंची झिरी पाहतात. ती वरपासून खालपर्यंत एकसारखी हवी, सूतभर असली तरी चालेल पण पाचरीसारखी नको. बिजागरीचे स्क्रू पाहतात. त्यांच्या खाचा ठेचलेल्या असतील तर ते फिरवून नव्हे, हातोडीने ठोकून बसवलेले आहेत आणि दोन वर्षांत सैल होणार. चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून भिंतीत तिरकी भेग चढली असेल तर दोष सुताराचा नाही. वरचा लिंटेल दोन्ही बाजूंना पुरेसा टेकलेला नाही. शटरची वरची कड हाताने चाचपतात, कारण तिथे रंग लागलेला नसेल तर पावसाळ्यातली हवा त्याच उघड्या कडेतून लाकडात शिरते. मे महिन्यात बिनतक्रार मिटणारे दार जुलैत अडले तर जुलैतच लगेच रंधा मारू नये. दिवाळीनंतर तेच दार खुळखुळते. या सगळ्याला यंत्र लागत नाही. दोऱ्याला गोटा बांधला तरी ओळंबा होतो.

अलीकडे भिंतीही बदलल्या. हलके ब्लॉक आले, ज्यांना पुण्यात कोणत्याही कंपनीचे असोत ‘सिपोरेक्स’च म्हणतात. त्यांत होल्डफास्ट जीव धरत नाही, म्हणून चौकटीलगत काँक्रीट भरावे लागते. न भरल्यास दार आपटले की अख्खी भिंत थरथरते. मोठ्या प्रकल्पांत ॲल्युमिनियमच्या फर्म्यांत भिंती ओतल्या जातात. दाराची मोकळी जागा मापात निघते, तयार चौकट शेवटी आणून स्क्रूवर कसतात आणि मागच्या फटीत फोम फवारतात. ही चौकट गिलाव्याचे पाणी पीत नाही आणि विटांचा दाबही सोसत नाही, म्हणून ती बहुधा सरळच असते. जुन्या सुतारांना या कामात राम वाटत नाही. राहणाऱ्यांच्या दृष्टीने पाहिले तर सरासरी दार पूर्वीपेक्षा बरे बसते, हे मान्य करावे लागेल. उत्तम दारे कमी झाली आणि वाईट दारेही. अस्सल साग आता मोठ्या कामांपुरता उरला: अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली बल्लारपूरच्या आगारातून लाकूड मिरवणुकीने निघाले, ते चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातले.

कायदाही आणखी पुढे गेला. २०१६ च्या रेरा कायद्याच्या १४ व्या कलमाने दोषाची मुदत ताब्यापासून पाच वर्षे केली. त्यात फक्त इमारतीचा सांगाडा नाही, कारागिरीतला दोषही स्पष्ट शब्दांत येतो, आणि तक्रार मिळाल्यापासून ३० दिवसांत बिल्डरने तो विनामूल्य दूर करायचा आहे. म्हणजे घासणारे दार हीसुद्धा कायद्याच्या कक्षेतली गोष्ट झाली. मुंबई-पुण्यात ताब्याच्या दिवशी लेझर लेव्हल आणि ओल मोजायचे यंत्र घेऊन येणारे पगारी तपासनीस उभे राहिले आहेत. पूर्वी चौकटीच्या पूजेला जमणाऱ्या जाणत्यांचे काम ते फी घेऊन करतात, मात्र रंग लागल्यावर.

व्यवहारात गाडी वेगळ्याच ठिकाणी अडते. ताबा मिळाला की पुष्कळ घरांत पहिला पाहुणा येतो तो इंटिरियरवाल्याचा सुतार. तो बिल्डरच्या दारांवर नवा सनमायका चढवतो, त्याने शटर जड होते. जड शटर पेलेना म्हणून बिजागऱ्या बदलतो, आणि नवा कडी-कोयंडा बसवताना चौकटीत नव्या खाचा पाडतो. वर्षभराने दार उतरले की बिल्डरचा माणूस खाचांकडे बोट दाखवतो, सुतार चौकटीच्या पिळाकडे. म्हणून अनुभवी वकील सांगतात की सुताराला किल्ली देण्याआधी प्रत्येक दाराचे उघडे, मिटलेले आणि ओळंबा लावलेले असे फोटो तारखेनिशी काढावेत, दोषांची यादी बिल्डरला लेखी द्यावी आणि तिची पोच घ्यावी.